पडद्यावरच्या बायका : पाहावेत असे काही मराठी चित्रपट

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप कार्यवाहबाईंनी धाडला, तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटले. लेख लिहिणे हे माझे काम नव्हे. पण त्या म्हणाल्या, "दर महिन्याला मंडळात कोणता चित्रपट दाखवायचा ते तुम्हीच ठरवता ना? मग तोच का, ते एकदा लिहून टाका, म्हणजे दर वेळी प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडे बंद होतील!" हे मात्र मला पटले. कारण दर महिन्याला 'ताई, आम्ही काय पाहावे?' म्हणून विचारणाऱ्या जशा आहेत, तशाच 'हे जुनेपुराणे काळेपांढरे कशाला दाखवता?' असे विचारणाऱ्याही आहेत. ह्या लेखात दोघींनाही उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

चित्रपट कसा निवडावा, ह्याची माझी कसोटी अगदी घरगुती आहे. चित्र पाहून घरी आल्यावर, भांडी आवरताना किंवा दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना, ते पुन्हा आठवले पाहिजे आणि त्यावरून शेजारणीशी वाद घालावासा वाटला पाहिजे. ह्या कसोटीला उतरणारी काही मराठी चित्रे मी पुढे क्रमाने सांगते. क्रम सालवारीने ठेवला आहे, कारण अशा रीतीने पाहिली म्हणजे आणखी एक कथा आपोआप उलगडत जाते. ती कथा म्हणजे आपल्याकडची बाई पडद्यावर कशी आली आणि आल्यावर तिचे पुढे काय झाले, ही होय.

ह्या कथेची सुरुवात मोठी गमतीची आहे, कारण सुरुवातीला बाईच नाही! दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यातली तारामती आहेत अण्णा साळुंके. तारामतीच्या कामासाठी फाळक्यांनी पुष्कळ शोध केला, परंतु कोणीही स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा हा सडपातळ आचारी त्यांच्या नजरेस पडला आणि महिना दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये कबूल करून त्यांनी त्याला तारामती केले, असे सांगतात. हेच साळुंके पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये रामही झाले आणि सीताही झाले. एकाच चित्रात नवराही आपणच आणि बायकोही आपणच, असा संसार ह्यांच्याखेरीज कोणाला साधला असेल?

परंतु पडद्यावर बाई नसली तरी पडद्यामागे होती. सरस्वतीबाई फाळके ह्यांचे नाव आपणा प्रत्येकीला ठाऊक असले पाहिजे. दादरच्या घरात त्या काळच्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडावी लागत. ते काम रात्री अंधारात बसून सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने कालवणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे आणि हे सगळे करून कंपनीतील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे, हीसुद्धा त्यांचीच कामे. भांडवल कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. चित्रात रोहिदासाचे काम करणारा मुलगा भालचंद्र हा त्यांचाच. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण दादासाहेबांना वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण जनक म्हटले की जननीही आलीच. तिची पुतळ्यावाचून राहिलेली आठवण निदान आपल्या स्मरणिकेत तरी राहावी.

'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळे होती, त्यांतील पहिले आणि शेवटचे तेवढे आज उरले आहे. जे उरले आहे ते अर्ध्या तासाच्या आत पाहून होते. ते पाहण्यापूर्वी किंवा पाहिल्यावर परेश मोकाशी ह्यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) अवश्य पाहावा. त्यात फाळके झाले आहेत नंदू माधव आणि सरस्वतीबाई झाल्या आहेत विभावरी देशपांडे. नातवंडांना बरोबर घेऊन बसावे असे हे हसते-खेळते चित्र आहे, आणि त्यातील सरस्वतीबाईंना कोणी दयेने पाहणार नाही.

१९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर' ह्या फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रात मात्र दोन खऱ्या स्त्रिया आल्या, त्याही आई आणि मुलगी. दुर्गाबाई कामत झाल्या पार्वती आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची कमला झाली मोहिनी. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन नाटकाच्या धंद्यात पडल्या होत्या, म्हणजे समाजाची बोलणी त्यांना नवी नव्हती. कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. ज्या वेळी घरंदाज म्हणवणाऱ्या बायका नाटक पाहायलाही बिचकत होत्या, त्या वेळी ह्या दोघी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

मुकी चित्रे बोलू लागली ती १९३१ साली, 'आलम आरा'पासून. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. मराठीत जो सर्वांत जुना बोलपट आज आपल्याला पाहता येतो तो प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२). प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास गेली. हा बोलपट कोल्हापूरच्या दिवसांतला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच, दिग्दर्शन व्ही. शांताराम ह्यांचे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. वीसच वर्षांपूर्वी जिच्यासाठी आचारी शोधावा लागला, त्या तारामतीच्या जागी मुंबईच्या सुखवस्तू घराण्यातील, सेंट झेवियर महाविद्यालयात शिकलेली तरुण बाई येऊन उभी राहिली. त्याआधी १९३१ साली एका मूकपटात थोडेसे काम केल्याबद्दल दुर्गाबाईंना समाजाची आणि आप्तांची पुष्कळ बोलणी खावी लागली होती. तरीही त्या मागे हटल्या नाहीत. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती, ज्याचे काम त्यानेच गायचे अशी पद्धत होती. आजच्या कानांना तो आवाज थोडा घोगरा वाटेल आणि चालही संथ वाटेल. पण राणीची दासी होत असताना त्यांची मान कशी ताठ राहते ते लक्ष देऊन पाहा. मला वाटते, ती मान केवळ तारामतीची नाही. पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, म्हणजे एक वर्तुळ पुरे झाले म्हणायचे.

'संत तुकाराम' (१९३६) मी सर्वांना सांगते आणि बहुतेकींनी तो पाहिलेलाही असतो. दामले आणि फत्तेलाल ह्यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस ह्यांचा तुकाराम. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्तम चित्रांत त्याची गणना झाली. त्यातील एक अभंग शांताराम आठवल्यांनी नव्याने लिहिलेला आहे, पण तो इतका जमून गेला की पुष्कळांना तुकोबांचाच वाटतो.

माझे म्हणणे एवढेच की, पुढच्या खेपेला हे चित्र तुकोबांसाठी न पाहता आवलीसाठी पाहावे. आवलीचे काम केले आहे गौरी ह्या बाईंनी. त्या प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला म्हणून आल्या होत्या, असे सांगतात. आवली म्हणजे भांडकुदळ बायको अशी आपली समजूत असते. पण चित्रात नीट पाहिले तर ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आहे : पोरांच्या पोटात काय घालू? मूल आजारी पडते तेव्हा ती रागाच्या भरात हाती वहाण घेऊन देवळात विठोबालाच जाब विचारायला जाते. त्या प्रसंगाला आपल्या दिवाणखान्यात हशा पिकला होता, पण मागच्या रांगेतल्या दोघीतिघी अगदी गप्प होत्या, हे मी पाहिले. आणि अखेरीस वैकुंठाला जाण्याची वेळ येते, तेव्हा नवऱ्याबरोबर न जाता ती मुलाबाळांसाठी मागे राहते. विमानात बसून जाणारा थोर, हे खरेच. पण चुलीपाशी राहणारीला दिग्दर्शकांनी कमी लेखलेले नाही, हा ह्या चित्राचा मोठेपणा मला वाटतो.

आता 'कुंकू' (१९३७). ह्या चित्राविषयी लिहिताना मला थोडे घरचे सांगावे लागेल, त्याला इलाज नाही.

नारायण हरी आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून शांतारामांनी हा बोलपट काढला. नीरा ही मामा-मामीच्या घरी वाढलेली अनाथ मुलगी. मामा पैशाच्या लोभाने तिचे लग्न काकासाहेब नावाच्या वयस्क, बिजवर वकिलाशी लावून देतो. ह्या काकासाहेबांची मुलेसुद्धा नीरेपेक्षा मोठी. नीरा लग्न झालेले नाकारू शकत नाही, पण ते लग्न आहे असे मानायलाही तयार होत नाही. ती सासरी राहते, मात्र नवऱ्याला नवरा म्हणून जवळ येऊ देत नाही. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपून काढते. नीरा झाल्या आहेत शांता आपटे आणि काकासाहेब झाले आहेत केशवराव दाते. काकासाहेबांची विधवा, समाजकार्यात पडलेली मुलगी झाल्या आहेत शकुंतला परांजपे, म्हणजे रँग्लर परांजप्यांच्या कन्या आणि सई परांजपे ह्यांच्या मातोश्री. पुढे त्यांनी खऱ्या आयुष्यात संततिनियमनाच्या प्रचाराचे मोठे काम केले.

ह्या बोलपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. घरातले आवाज तेवढे आहेत : दाराचा, पावलांचा आणि भिंतीवरच्या त्या जुन्या घड्याळाचा. दुःखाच्या प्रसंगी सारंगी वाजून आपल्याला कोणी 'आता रडा' असे सांगत नाही. काकासाहेब आरशात स्वतःला पाहतात, तो प्रसंग एकही वाक्य न बोलता म्हाताऱ्याची सारी फजिती आणि सारे दुःख सांगून जातो. म्हणूनच हे चित्र आज इतक्या वर्षांनी पाहतानाही अंगावर येते.

माझी आई बिजवराला दिलेली होती. लग्नात ती सोळा वर्षांची आणि वडील अडतीसचे. वडील स्वभावाने वाईट नव्हते, आम्हां मुलांना त्यांनी कधी उणे पडू दिले नाही. आईने 'कुंकू' पाहिला तो लग्नानंतर काही वर्षांनी, तो पुन्हा लागला होता तेव्हा, शेजारच्या काकूंबरोबर दुपारच्या खेळाला. देवळात कीर्तनाला जाते असे सांगून ती गेली होती. हे तिने मला सांगितले ते वडील गेल्यानंतर, तिची सत्तरी उलटल्यावर. मी विचारले, "मग तुला काय वाटलं गं?" मला वाटले होते की नीरेची छडी तिला आवडली असेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यानं मरायला नको होतं. नुसतं चुकलं म्हणाला असता तरी पुष्कळ होतं."

चित्राचा शेवट असा आहे की काकासाहेबांना आपली चूक कळते आणि नीरेला मोकळी करण्यासाठी ते पत्र लिहून ठेवून आपला जीव देतात. काडीमोडाचा कायदा हिंदू स्त्रीला मिळाला तो १९५५ साली. तोपर्यंत नवऱ्याच्या मरणावाचून नीरेला दुसरी वाटच नव्हती, हे शांतारामांनी अचूक दाखवले. गेल्या वर्षी मंडळात ह्या शेवटावरून वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, म्हाताऱ्याने मोठा त्याग केला. काहीजणी म्हणाल्या, त्याग कसला, इतकी वर्षे पोरीचे आयुष्य अडवले त्याचे काय? दोन्ही बाजूंचे मी ऐकून घेतले आणि आईचे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडी आले नाही. आज लिहिते आहे. मरणे हा मोठा त्याग खरा, पण चूक कबूल करून समोर जगत राहणे हे त्याहून कठीण असते, आणि आमच्या घरात ते कधी घडले नाही. वडिलांनी आईला सारे काही दिले, तेवढा एक शब्द दिला नाही. 'कुंकू' पाहिला की मला हे आठवते. तुम्हाला दुसरे काही आठवेल. म्हणून तो पाहा.

नीरेचे काम करणाऱ्या शांताबाई आपटे खऱ्या आयुष्यातही तशाच करारी होत्या. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले होते, आणि सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तकही लिहिले.

'कुंकू'ने मन जड झाले असेल तर उतारा म्हणून 'ब्रह्मचारी' (१९३८) पाहावा. आचार्य अत्रे ह्यांची लेखणी आणि मास्टर विनायक ह्यांचे दिग्दर्शन. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या तरुणाची अशी काही फटफजिती आहे की हसून हसून पोट दुखावे. नायिका मीनाक्षी ह्यांनी त्यात पोहण्याचा पोशाख घालून गाणे म्हटले आणि त्या वेळी एकच गहजब उडाला. शिव्या देणारे दिवसा शिव्या देत आणि रात्री तिकीट काढीत, असे माझे वडीलच सांगत. ते कोणत्या बाजूचे होते हे आम्ही कधी विचारले नाही.

'माणूस' (१९३९) पुन्हा शांतारामांचा. 'देवदास' पाहून प्रेमभंगाने दारूच्या पेल्यात बुडणारे नायक तेव्हा फार लोकप्रिय झाले होते. त्याला उत्तर म्हणून हे चित्र निघाले. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही बदनाम वस्तीतली बाई. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर ह्यांनी ही कामे केली आहेत. मैनेचे ते अनेक भाषांतले गाणे सर्वांना माहीत आहे. पण गणपत तिला आपल्या साध्याभोळ्या आईकडे घेऊन जातो तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आई तिला प्रेमाने घरात घेते आणि मैनेला मात्र आपण ह्या उंबरठ्याच्या आत शोभतो असे वाटेना! समाजाचा तिरस्कार माणूस शेवटी स्वतःच स्वतःचा करू लागतो, हे इतक्या साधेपणाने मी अन्यत्र पाहिले नाही. मैनेचा संसार होत नाही. पण गणपत मरत नाही, कामावर परत जातो. जगणे हेच कर्तव्य, असे सांगणारे हे चित्र आहे.

बायकांचे नसले तरी 'शेजारी' (१९४१) ह्या यादीतून मला वगळवत नाही. पाटील आणि मिर्झा हे दोन जिवलग शेजारी. धरण बांधणाऱ्या धनिकाच्या कारस्थानाने त्यांच्यात वैर येते आणि धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरूनच मरतात. देशाच्या फाळणीची भाषा सुरू झाली होती त्या दिवसांत हे चित्र निघाले. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि पाटील झाले केशवराव दाते. हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारांनीच केला आणि हिंदू ठाकूर केला मझहर खान ह्यांनी. मुद्दाम केलेली ही अदलाबदल एका भाषणाइतके काम करते. आपण एका आळीत राहणारी माणसे. हे चित्र आपण दर वर्षी एकदा पाहिले तरी जास्त होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली आणि पहिले पदक मिळाले ते मराठी चित्राला, अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३). साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक न वाचलेले मराठी घर विरळा. श्यामची आई झाल्या वनमाला आणि श्याम झाला माधव वझे. ह्या चित्राबद्दल आमच्या सुनेचे मत प्रतिकूल आहे. ती म्हणते, "आई म्हणजे नुसती सोसणारी, शिकवणारी, आणि मग मरणारी. तिला स्वतःचं काही हवं नको होतं की नाही?" मी तिच्याशी भांडले, पण नंतर वाटले की पोरगी अगदीच चुकीचे बोलत नाही. तरीही चित्र पाहावेच. गरिबीत स्वाभिमान कसा राखतात हे त्या आईकडून शिकावे, आणि ती स्वतः काय जेवली हा प्रश्न मात्र मुलांना आवर्जून विचारायला शिकवावे.

'सांगत्ये ऐका' (१९५९) आला आणि तमाशापटांची लाट उसळली. अनंत माने ह्यांचे दिग्दर्शन, वसंत पवार ह्यांचे संगीत, आणि जयश्री गडकर व हंसा वाडकर ह्यांची कामे. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. तमाशाला कधीही न गेलेल्या बायका ह्या चित्राच्या निमित्ताने लावणी ऐकू लागल्या. त्यातील गोष्ट बाकी नुसत्या करमणुकीची नाही. फडावर नाचणारी बाई, चारचौघांसमोर उभी राहून, गावच्या बड्या माणसाचे पाप मोठ्याने सांगते. बोलायला जागा मिळाली ती तमाशाच्या बोर्डावर, देवळात वा चावडीवर मिळाली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्या नावाची पुढची हकिगतही ऐकण्याजोगी आहे. १९७० साली हंसाबाईंनी आपले आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' ह्याच नावाने प्रसिद्ध केले. शब्दांकन अरुण साधू ह्यांचे. लहानपणीच घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे उभी केलेली मुलगी आयुष्यभर कोणाकोणासाठी मिळवीत राहिली, ते त्यांनी काही न लपवता सांगितले आहे. त्यावरून श्याम बेनेगल ह्यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला आणि नायिका झाली स्मिता पाटील. आधी चित्र, मग पुस्तक, मग 'भूमिका', अशी तीन दिवसांची मालिका करून पाहा.

स्मिताचेच आणखी एक चित्र म्हणजे जब्बार पटेल ह्यांचे 'उंबरठा' (१९८२). शांता निसळ ह्यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरची, शिकलेली सून नवऱ्याला आणि लहान मुलीला घरी ठेवून परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरी धरते. तिथला कारभार सुधारू पाहते, समितीशी झगडते आणि शेवटी राजीनामा देऊन घरी येते, तर घर तिचे राहिलेले नसते. मुलगी परकी झालेली, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. मग सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. आमच्या मंडळात ह्या चित्राला जितके श्रोते मिळाले तितक्या वकीलही मिळाल्या! 'मुलीला टाकून गेली' म्हणणाऱ्या आहेत आणि 'पुरुष नोकरीसाठी परगावी गेला तर त्याला कोणी टाकून गेला म्हणते का?' असे विचारणाऱ्याही आहेत. मी निकाल देणार नाही. फक्त एवढे म्हणेन की, १९३७ साली नीरेला मोकळे व्हायला नवऱ्याने मरावे लागले, आणि १९८२ साली सुलभा स्वतःच्या पायांनी बाहेर पडली, नवरा जिवंत असताना. पंचेचाळीस वर्षांत हा एवढा फरक पडला. किंमत मात्र दोघींनीही भरली.

इतका वेळ पडद्यावरच्या बायका झाल्या, आता कॅमेऱ्यामागच्या. पुण्याच्या सुमित्रा भावे ह्या मूळच्या समाजकार्यातल्या. झोपडपट्टीतील बायकांचा अभ्यास करता करता, आपले म्हणणे त्या बायकांपर्यंत लेखांतून पोचणार नाही म्हणून त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट काढला. पुढे सुनील सुकथनकर ह्यांच्यासह त्यांनी 'दोघी' (१९९५) केला. लग्न मोडल्यावर थोरल्या बहिणीला घर जगवण्यासाठी मुंबईला पाठवले जाते. तिच्या पैशावर घर चालते, पण तिला घरात घ्यायची वेळ आली की सगळ्यांचे पाय अडखळतात. धाकटी मात्र तिचा हात सोडत नाही. 'माणूस'मधली मैना आठवते आहे ना? तिला जवळ करायला इथे सख्खी बहीण उभी राहिली. ह्याच जोडीच्या 'कासव'ला २०१६ सालासाठीचे सुवर्णकमळ मिळाले. निराशेने जीव द्यायला निघालेल्या तरुणाला एक बाई काही न विचारता आसरा देते, एवढीच गोष्ट. ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांनी तो पाहावाच. सुमित्राबाई २०२१ साली गेल्या.

आणि एक राहिलेच. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षे जावी लागली. तो मिळवला संदीप सावंत ह्यांच्या 'श्वास'ने (२००४). नातवाचे डोळे जाणार हे ठाऊक असलेला आजोबा, डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून घेतो. आजोबा झाले आहेत अरुण नलावडे. ह्यावर मी अधिक लिहीत नाही. रुमाल जवळ ठेवावा.

यादी अपुरी आहे हे मला ठाऊक आहे. सुलोचनाबाईंची चित्रे राहिली, 'रामशास्त्री' राहिला, 'जैत रे जैत' राहिला. पुढच्या वर्षासाठी तेवढे असू द्यावे.

शेवटी एक विनंती. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, पण त्यांतील जेमतेम तीसेक आज हाती लागतात, असे जाणकार सांगतात. काही जळले, काही कुजले, काहींची फिल्म चांदी काढण्यासाठी विकली गेली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले, म्हणून एवढे तरी राहिले. घरातल्या आठवणींचेही असेच आहे. आपल्या आजीने, आईने कोणते चित्र पाहिले, कोणाबरोबर पाहिले, घरी काय सांगून गेल्या आणि परत येताना काय बोलल्या, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांच्या आया अजून आहेत त्यांनी ते आजच विचारावे. मी फार उशिरा विचारले, आणि मला एकच वाक्य मिळाले.

येत्या महिन्याच्या शनिवारी 'कुंकू' पुन्हा दाखवणार आहोत. ज्यांचा मागच्या वेळचा वाद अपुरा राहिला आहे त्यांनी जरूर यावे. चहाची व्यवस्था मंडळातर्फे आहे, वादाची ज्याची त्याने करावी.